मेंदूचे खंड आणि माणसाचा स्वभाव
(मंडळाच्या वार्षिक सभेत केलेल्या भाषणाचा मजकूर)



वार्षिक सभेच्या निमित्ताने एखाद्या उपयुक्त विषयावर कोणा जाणत्याकडून चार शब्द ऐकावेत, असा आपल्या मंडळाचा जुना प्रघात आहे. यंदा ही कामगिरी चिटणिसांनी मजवर सोपविली. मी मेंदूच्या शास्त्रातील पंडित नव्हे. येथील डॉ. वैशंपायन स्मारक वैद्यकीय महाविद्यालय १९६३ साली निघाले; त्यानंतर पाच वर्षांनी मी तेथे विद्यार्थी म्हणून दाखल झालो आणि पुढे सारा जन्म याच शहरात साध्या रोग्यांची नाडी पाहण्यात घालविला. तेव्हा मी जे सांगणार आहे, ते एका सामान्य वैद्याने ग्रंथांतून वाचलेले आणि घरोघरी पाहिलेले आहे. विषयाची निवड मात्र माझी स्वतःची आहे. तिच्यामागे एक कारण आहे व त्याचा संबंध आपल्या मंडळाशीही येतो. ते योग्य ठिकाणी सांगेन.

आपण 'अगदी मनापासून' असे म्हणतो, तेव्हा हात छातीवर ठेवतो. कोणी कपाळावर ठेवीत नाही. कपाळावर हात जातो तो नशिबाला बोल लावताना! चरकसंहितेने चेतनेचे स्थान हृदय मानले. भेलसंहितेत मात्र मन हे मस्तक आणि टाळू यांच्या मध्ये वसते, असे सांगितले आहे. म्हणजे हा वाद आपल्याकडेही पुरातन आहे. आज तो मिटला आहे. विचार, राग, लज्जा, माया, स्मरण, वाचा या साऱ्यांचे घर मेंदू हेच होय.

या घराची थोडी ओळख करून घेऊ. पूर्ण वाढलेल्या माणसाचा मेंदू वजनाने साधारणतः १,३०० ते १,४०० ग्रॅम भरतो. म्हणजे शरीराच्या वजनाचा जेमतेम पन्नासावा हिस्सा. परंतु स्वस्थ बसलेल्या माणसाच्या शरीरात जी शक्ती खर्च होते, तिचा पाचवा हिस्सा हा एकटा खातो. त्यात सुमारे ८,६०० कोटी मज्जापेशी असतात. दिसावयास तो अक्रोडाच्या गरासारखा. डावा आणि उजवा असे त्याचे दोन अर्धगोल. प्रत्येकाचे चार खंड. कपाळामागे ललाटखंड, माथ्याच्या मागील बाजूस पार्श्वखंड, कानाच्या वर आतल्या अंगास शंखखंड आणि डोक्याच्या मागच्या भागात पश्चखंड. पश्चखंड मुख्यतः दृष्टीचे काम पाहतो. त्याच्याखाली लहान मेंदू असून तो तोल सांभाळतो आणि हालचालींचा मेळ राखतो. दारू पिऊन झोकांड्या खाणाऱ्याचा जो भाग प्रथम बिघडतो, त्यांपैकी हा एक. त्याखालच्या देठात श्वास आणि हृदयाची गती यांची केंद्रे आहेत. यांविषयी आज अधिक बोलणार नाही. आपल्याला काम आहे ते वरच्या खंडांशी.

अर्धांगवायूचा रोगी पाहिला नाही, असे घर आपल्यात विरळा. ज्यांनी पाहिला आहे, त्यांनी एक गोष्ट आठवून पाहावी. उजवा हात आणि उजवा पाय लुळा पडला, की पुष्कळदा वाचाही जाते. डावे अंग गेले, तर जीभ किंचित जड होते. पण शब्द सहसा शाबूत राहतात. याचे कारण असे की, मेंदूचा डावा अर्धगोल उजव्या अंगावर आणि उजवा अर्धगोल डाव्या अंगावर सत्ता चालवितो, आणि बहुसंख्य माणसांत भाषेचा कारभार डाव्या अर्धगोलात असतो. १८६१ साली पॅरिस येथे ब्रोका नावाच्या शस्त्रवैद्यांनी एका रोग्याचा मेंदू त्याच्या मृत्यूनंतर तपासला. या रोग्यास दुसऱ्याचे बोलणे कळे, पण स्वतःस 'तान' या एका अक्षराखेरीज जवळजवळ काहीच उच्चारता येत नसे. त्याच्या डाव्या ललाटखंडाच्या खालच्या भागात बिघाड सापडला. पुढे १८७४ मध्ये जर्मनीतील वेर्निके यांनी याच्या उलट प्रकारच्या रोग्यांचे वर्णन केले. ते भराभर बोलतात, पण त्या बोलण्याला अर्थ नसतो आणि दुसऱ्याचे बोलणेही त्यांना उमगत नाही. त्यांचा बिघाड डाव्या शंखखंडाच्या मागच्या भागात असतो. पहिल्या प्रकारच्या रोग्यास घरचे 'वेडा झाला' असे समजत नाहीत. दुसऱ्या प्रकारच्या रोग्यास मात्र हमखास समजतात. तो वेडा नसतो. त्याचा शब्दांचा दोर तुटलेला असतो, इतकेच.

उजव्या अर्धगोलाची हकीकत याहून चमत्कारिक आहे. एकदा एका घरी मला बोलावणे आले ते आजारासाठी नव्हे, भांडणासाठी. घरातील वृद्ध गृहस्थांचे डावे अंग दोन महिन्यांपूर्वी गेले होते. त्यातून ते बरेच सावरले होते. पण येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला ते सांगत, "सून मला उपाशी मारते. अर्धीच भाकरी वाढते. चटणी तर ताटात कधी दिसतच नाही." सून बिचारी रडकुंडीला आली होती. मी म्हटले, "जेवायला वाढा, मी बसतो." जेवण झाल्यावर ताट पाहिले. उजवीकडची भाजी आणि आमटी संपली होती. भाकरीचा उजवा अर्धा भाग खाल्लेला, डावा तसाच. डाव्या बाजूचे मीठ, लिंबाची फोड आणि शेंगाचटणी यांना बोटसुद्धा लागले नव्हते. मी काही न बोलता ताट अर्धे फिरविले. आजोबांचा चेहरा उजळला. म्हणाले, "बघा! डॉक्टर आले म्हणून आता वाढली!"

त्यांच्या डोळ्यांत दोष नव्हता आणि मनात कपटही नव्हते. उजव्या पार्श्वखंडास इजा झाली, की काही रोग्यांच्या लेखी जगाची डावी बाजूच नाहीशी होते. ते दाढी उजव्या गालाचीच करतात. सदऱ्याची डावी बाही तशीच लोंबत राहते. आणि आपल्याला काही दिसत नाही, हेही त्यांना कळत नाही. त्या घरात दोन महिने जो कलह चालला होता, तो सासरा-सुनेचा नव्हताच.

येथे एक इशारा दिला पाहिजे. मेंदूचे खंड म्हणजे चाळीतल्या खोल्या नव्हेत की एकीत राग राहतो, दुसरीत गणित आणि तिसरीत भक्ती. असे मानणारे एक शास्त्र एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी युरोपात फार गाजले. गाल नावाच्या वैद्यांनी ते काढले. कवटीवरचे उंचवटे चाचपून ते माणसाचा स्वभाव सांगत. ते खोटे ठरले. त्याच वाटेने पुढे नाकाडोळ्यांची मापे घेऊन जातीजातींची प्रतवारी लावण्याचा उद्योग आपल्या देशातही झाला. तोही तितकाच पोकळ. आपल्या स्मरणिकेत अधूनमधून 'आपल्या ज्ञातीच्या रक्तातच हिशेब आहे' असे वाक्य छापून येते. ते आपण गमतीने घ्यावे. मेंदूच्या कोणत्याही खंडात जात सापडत नाही.

खरी रचना समजण्यास आपल्याला आपला मागच उपयोगी पडेल. चादरीवरचे फूल कोठे असते? ते ताण्यात नसते, बाण्यात नसते आणि जेकार्डच्या कोणत्याही एका पुठ्ठ्यातही नसते. सारे मिळून ते उमटते. परंतु एक पुठ्ठा फाटला, तर फूल दर वेळी त्याच जागी बिघडते. ताण्याचा एक धागा तुटला, तर थानभर एकच रेघ पडत जाते. मेंदूचे असेच आहे. काम साऱ्यांचे मिळून होते. पण बिघाड कोठे झाला, यावर नक्षीतील दोष अवलंबून असतो.

आपल्या सोलापुरात एक माणूस घरी एक भाषा बोलतो, बाजारात दुसरी, शेजारी तिसरी आणि कारखान्यात चौथी. मराठी, कानडी, तेलुगू आणि उर्दू यांचा असा शेजार महाराष्ट्रात फार थोड्या शहरांत असेल. यामुळे येथील अर्धांगाच्या रोग्यांत मला एक गोष्ट वारंवार पाहावयास मिळाली. एका विणकर गृहस्थांची वाचा गेली, ती हळूहळू परत आली. आधी घरची तेलुगू आली, मग चार महिन्यांनी मराठी. कानडी, जी ते तीस वर्षे शेजाऱ्यांशी बोलत होते, ती आली नाही. आकडे मात्र पहिल्या दिवसापासून ते मराठीत मोजीत. यावरून प्रत्येक भाषेची मेंदूत वेगळी कोठी आहे, असे कोणी समजू नये; भाषांचे जाळे बव्हंशी सामायिकच असते. कोणती भाषा आधी परतेल, हे ती कोणत्या वयात शिकली, किती वापरली आणि इजा कोठे झाली, यांवर ठरते. नियम बांधता येत नाही. घरच्यांनी मात्र एक करावे. रोगी ज्या भाषेत एक शब्द उच्चारील, त्याच भाषेत त्याच्याशी बोलावे. 'आता शुद्ध मराठीत बोला' असा आग्रह धरणारे सुशिक्षित चिरंजीव मी पाहिले आहेत.

या बहुभाषिकपणाचा एक लाभही आहे. हैदराबादच्या निझाम्स इन्स्टिट्यूट ऑफ मेडिकल सायन्सेसमध्ये डॉ. सुवर्णा अल्लाडी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी स्मृतिभ्रंशाच्या ६४८ रोग्यांची पाहणी केली. ती २०१३ साली प्रसिद्ध झाली. एकाहून अधिक भाषा बोलणाऱ्यांना हा विकार एकच भाषा बोलणाऱ्यांपेक्षा सरासरी साडेचार वर्षे उशिरा जडल्याचे तीत आढळले. विशेष म्हणजे, ज्यांना अक्षरओळखही नव्हती, त्यांच्यातही हा फरक दिसला. इतर देशांतील सर्वच पाहण्यांत असे दिसलेले नाही, हेही सांगितले पाहिजे. पण हैदराबादची वस्ती आणि आपली वस्ती यांत साम्य पुष्कळ. तेव्हा घरातील मुलांनी आजीशी तिच्या भाषेत बोलावे. इंग्रजीच्या पायी ती भाषा टाकू नये.

स्मृतीचा विषय निघालाच आहे. १९५३ साली अमेरिकेत हेन्री मोलेसन नावाच्या २७ वर्षांच्या तरुणावर अपस्मारासाठी शस्त्रक्रिया झाली. दोन्ही बाजूंच्या शंखखंडांचा आतला भाग काढण्यात आला. फेफरे कमी झाले, परंतु त्या दिवसापासून त्याच्या मनात नवी आठवण टिकेनाशी झाली. मिनिटापूर्वी भेटलेला माणूस त्याला नवा वाटे. तो २००८ पर्यंत जगला. नवल असे की, आरशात पाहून आकृती गिरविण्याचे कसब तो दिवसेंदिवस शिकत गेला. आपण हे पूर्वी केले आहे, याची आठवण मात्र त्याला नसे! म्हणजे हकीकतीची आठवण आणि हाताची आठवण यांचे मार्ग भिन्न आहेत. स्मृतिभ्रंश झालेले एक वृद्ध विणकर मला ठाऊक होते. त्यांना मुलांची नावे आठवत नसत. पण मागाजवळ नेले आणि तुटलेला धागा हाती दिला, की क्षणात गाठ मारीत. आणि ती गाठ पक्की असे.

याच शंखखंडात उद्भवणाऱ्या अपस्माराविषयी स्पष्ट बोलणे अवश्य आहे, कारण आपले मंडळ वधूवर मेळावे भरविते. अपस्मार म्हणजे दर वेळी जमिनीवर पडून हातपाय झाडणेच नव्हे. शंखखंडाच्या अपस्मारात रोगी मधेच थबकतो, शून्यात पाहतो, तोंडाने मचमच करतो, हाताने पदर किंवा गुंडी चाळवीत राहतो. काहींना झटक्यापूर्वी नसलेला वास येतो, काहींना विनाकारण भय दाटून येते. आमच्या लहानपणी असल्या मुलींना भानामतीची बाधा झाली, असे ठरवून कोठेकोठे नेत. आपल्या देशात अपस्माराच्या महत्त्वाच्या कारणांपैकी एक म्हणजे फीतकृमीच्या अंड्यांमुळे मेंदूत होणाऱ्या गाठी. ही अंडी न धुतलेल्या भाज्यांतून पोटात जातात, म्हणून हा विकार शाकाहारी घरांतही होतो. बहुसंख्य रोग्यांचे झटके नियमित औषधाने आटोक्यात राहतात. हिंदू विवाह कायद्यात विवाहास बाधक म्हणून अपस्माराचा उल्लेख होता. १९९९ च्या दुरुस्तीने तो काढून टाकण्यात आला. कायद्याने काढला, आपण काढला आहे काय? मुलीचा विकार लपवून लग्न लावावयाचे. मग सासरी कळू नये म्हणून तिने गोळ्या बंद करावयाच्या. मग झटका यावयाचा, तोही कधी चुलीपाशी, कधी विहिरीवर. या लपवालपवीतून भाजलेली एक मुलगी मी हाताळली आहे. ती आपल्याच ज्ञातीतली होती. याहून अधिक सांगत नाही.

आता ललाटखंडाकडे येतो. माणसाचे माणूसपण ज्यास म्हणावे, ते पुष्कळसे येथे आहे. पुढचे योजणे, मोह आवरणे, चारचौघांत काय बोलावे आणि काय गिळावे याचा विवेक करणे, दुसऱ्याच्या दुःखाची लाज बाळगणे, ही कामे या खंडाच्या पुढच्या भागाची, विशेषतः भुवयांमागच्या भागाची. हा भाग सर्वांत सावकाश पक्व होतो. पंचविशीपर्यंत त्याची घडण चालूच असते. अठरा वर्षांच्या मुलाच्या हाती मोटारसायकल देऊन शिरस्त्राण न देणाऱ्या वडिलांचा ललाटखंड मात्र कोणत्या वयात पक्व होतो, ते ग्रंथांत दिलेले नाही.

या खंडाचे कार्य जगाला कळले ते एका अपघातामुळे. १३ सप्टेंबर १८४८ रोजी अमेरिकेत रेल्वेमार्गासाठी सुरुंग लावताना फिनियस गेज नावाच्या २५ वर्षांच्या मुकादमाच्या डाव्या गालातून एक लोखंडी पहार शिरली आणि डोक्याच्या माथ्यातून बाहेर पडली. पहार ३ फूट ७ इंच लांब, वजन सव्वातेरा पौंड. गेज मेला नाही. थोड्या वेळाने तो बसता झाला, बोलू लागला. काही महिन्यांत हिंडूफिरू लागला. त्याची वाचा, स्मृती, हातापायांची शक्ती शाबूत होती; डावा डोळा तेवढा गेला. परंतु त्याच्यावर उपचार करणारे डॉक्टर हार्लो यांनी १८६८ साली लिहून ठेवले की, पूर्वीचा शांत, धोरणी, मालकांचा विश्वासू माणूस आता शिवराळ, लहरी आणि हट्टी झाला होता. मनसुबे रचावे आणि टाकून द्यावे, असे त्याचे चालले होते. ओळखीचे लोक म्हणत, हा आमचा गेज नव्हेच. जुन्या मालकांनी त्यास कामावर परत घेतले नाही. त्याच्या आयुष्याचा उत्तरार्ध मात्र ग्रंथांत सहसा येत नाही. तो पुढे दक्षिण अमेरिकेत चिली देशात गेला आणि तेथे कित्येक वर्षे टपालाची घोडागाडी हाकीत होता. रोज तोच रस्ता, तीच वेळ, तेच घोडे. या ठरीव कामात तो निभावला. १८६० साली तो वारला.

ही कथा मी विद्यार्थिदशेत पाठ केली होती, परीक्षेत लिहिली होती. आणि तरीही ती माझ्याच घरात घडली, तेव्हा मला ती ओळखता आली नाही.

सभेतील वयस्कर मंडळींना माझे थोरले बंधू आठवत असतील. सारे त्यांना अण्णा म्हणत. आपल्या मंडळाचे ते अकरा वर्षे खजिनदार होते. त्यांच्या काळच्या हिशेबवह्या आजही कपाटात आहेत; पैपैचा मेळ त्यांत सापडेल. मितभाषी, कोणाच्या अध्यात ना मध्यात. १९७८ च्या जानेवारीत, गड्ड्याच्या यात्रेच्या दिवसांत, रात्री सायकलवरून घरी येत असता मालमोटारीचा धक्का लागून ते डोक्यावर पडले. दीड दिवस बेशुद्ध होते. तीन आठवड्यांनी घरी आले, ते स्वतःच्या पायांनी चालत. वाचा स्पष्ट, एकोणतिसाचा पाढा बिनचूक. आम्ही सिद्धेश्वराला अभिषेक केला आणि मंडळाने त्यांना पुन्हा खजिनदाराच्या जागी बसविले.

पुढच्या सहा महिन्यांत जे घडले, ते पुष्कळांना ठाऊक आहे. ते चारचौघांत शिवी देऊ लागले. एका वडीलधाऱ्यांच्या दहाव्याला मोठ्याने हसले. एके दिवशी सहा भिंतीवरची घड्याळे उधारीवर घेऊन आले. आणि बसस्थानकावर भेटलेल्या अनोळखी माणसांना मंडळाच्या शिष्यवृत्ती निधीतून पैसे देऊ लागले. एकदा नव्हे, चारदा. एकूण १,१४० रुपये. "अण्णा, हे बरोबर आहे काय?" असे विचारले, तर शांतपणे सांगत, "नाही. चूक आहे." आणि दुसऱ्या आठवड्यात पुन्हा तेच करीत. भुवयांमागचा भाग दुखावलेल्या रोग्याची ही खूणच आहे. बरेवाईट त्याला सांगता येते. त्या ज्ञानाचा हाताला लगाम लागत नाही.

विशेष सभा बोलाविण्यात आली. रक्कम आमच्या वडिलांनी एक माग विकून महिन्याच्या आत भरून दिली होती, तरीही अण्णांना 'चारित्र्यदोषास्तव' पदावरून दूर करण्यात येत आहे, असा ठराव झाला. मी त्या सभेत हजर होतो. ठरावाच्या बाजूने मी हात वर केला. दवाखाना नुकताच उघडला होता आणि घराण्याच्या नावाची मला फार फिकीर होती. त्या रात्री वहिनी मला म्हणाल्या, "भाऊजी, ज्याला पैसे खायचे असतात, तो ते वहीत लिहून ठेवतो का?" चारही रकमा, तारखेसह, अण्णांनी स्वतःच्या हाताने नावे टाकल्या होत्या. मी वहिनींना उत्तर दिले नाही. पुढे त्यांच्या थोरल्या मुलीची दोन ठिकाणची बोलणी त्या एका शब्दापायी मोडली.

तेरा वर्षांनी, १९९१ मध्ये, अण्णांना झटके येऊ लागले म्हणून मी त्यांना पुण्यास नेले. तेथे मेंदूचे क्ष-किरण छेदचित्र काढण्यात आले. हे यंत्र १९७१ मध्ये लंडनला प्रथम रोग्यासाठी वापरले गेले. १९७८ मध्ये ते आपल्या आवाक्यात नव्हते, एवढीच माझ्या बाजूने सांगण्याजोगी गोष्ट. चित्रात दोन्ही भुवयांच्या मागे काळसर डाग होते, जुन्या इजेचे. तेथील तज्ज्ञांनी मला एकच प्रश्न विचारला, "अपघातानंतर यांचा स्वभाव बदलला होता काय?" या प्रश्नाला यंत्र लागत नाही. तो मला कधीही विचारता आला असता.

मग आता कोणी म्हणेल, प्रत्येक दुर्वर्तनाला मेंदूचे दुखणे म्हणावयाचे काय? नव्हे. ज्याचा स्वभाव पहिल्यापासून तसा आहे, त्याची गोष्ट निराळी, आणि त्याचा जाब त्याला विचारावाच. परंतु चाळीस-पन्नास वर्षे एका वळणाचा असलेला माणूस डोक्याला मार लागल्यावर, अर्धांगानंतर, किंवा उतारवयात कोणत्याही कारणावाचून दोन-चार महिन्यांत किंवा दोन-चार वर्षांत पालटला, लाजलज्जा सोडू लागला, पैसा उधळू लागला, तर त्याला सभेपुढे उभे करण्याआधी वैद्यापुढे न्यावे. ललाटखंड हळूहळू झिजविणारा स्मृतिभ्रंशाचा एक प्रकार आहे. त्यात स्मृती पुष्कळ काळ चांगली राहते आणि स्वभावच आधी जातो. गाठही असू शकते आणि ती काढता येण्यासारखीही असू शकते. वेळेवर गेले तर.

अण्णांचा तो भाग काही परत आला नाही. पण वहिनींनी ग्रंथ न वाचता जे शोधून काढले होते, ते तज्ज्ञांनीही सांगितले. त्यांच्या हाती पैसा द्यावयाचा नाही. दिवसाचा क्रम बदलावयाचा नाही. एका वेळी एकच काम. त्या पाटीवर खडूने लिहीत, 'आंघोळ. चहा. कांड्या मोजणे. जेवण.' अण्णा एकेक ओळ पुसत जात. मुलाच्या कारखान्यात सुताच्या गठ्ठ्यांची मोजदाद त्यांनी पुढे सात वर्षे केली आणि तीत कधी फरक आला नाही. पाहुणे आले, कार्य निघाले, क्रम मोडला, की मात्र पुन्हा तेच. म्हणून वहिनी कोणाच्या लग्नाला जात नसत. लोक म्हणत, त्यांना मोठा ताठा आहे. अण्णा १९९८ मध्ये गेले.

मागच्या वर्षी वहिनीही गेल्या. त्यांच्या पेटीत शिधापत्रिकेच्या घडीत मंडळाच्या त्या ठरावाची प्रत निघाली. त्यांनी ती का जपून ठेवली, हे त्यांनी कधी सांगितले नाही आणि मी विचारले नाही.

अध्यक्षमहाराज, मूळ ठराव इतिवृत्ताच्या वहीत आहे. तो खोडावा, असे मी म्हणत नाही. इतिवृत्त खोडू नये. त्याखाली एक पुरवणी नोंद घालावी, एवढीच विनंती आहे. तीत तीनच गोष्टी असाव्यात. अण्णांचे वर्तन १९७८ च्या अपघातात मेंदूस झालेल्या इजेमुळे होते. रक्कम पूर्णपणे भरली गेली होती. आणि 'चारित्र्यदोषास्तव' हा शब्द मंडळ मागे घेत आहे. १९९१ चे छेदचित्र आणि तज्ज्ञांचा अभिप्राय मी चिटणिसांच्या स्वाधीन केला आहे. ठरावाचा मसुदाही सोबत जोडला आहे. मूळ ठरावास ज्यांनी हात वर केले होते, त्यांपैकी आज हयात असलेले आम्ही तिघे येथे आहोत. मसुद्यावर सूचक म्हणून माझी सही आहे. अनुमोदकाची जागा मोकळी ठेवली आहे.